सर्वसाधारण रहिवासी
भिवंडी ग्रामीण मतदारसंघाची लोकसंख्या आणि तिचे राजकारण

ठाण्याच्या बाळकुमकडून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते, तिला खेटून काल्हेर. रस्त्याला लागून गोदामे, त्यांच्या मागे गृहसंकुलांचे मनोरे, डोक्यावर मेट्रोचे खांब आणि कंटेनरच्या रांगेत अडकून हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षा. इथला कारभार ग्रामपंचायत पाहते. विधानसभेला इथला माणूस ज्या मतदारसंघात मत देतो त्याचे नाव आहे ‘भिवंडी ग्रामीण’, क्रमांक १३४, अनुसूचित जमातींसाठी राखीव. याच मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला, वाड्याच्या अंगाला, कातकऱ्यांचे पाडे आहेत. फेब्रुवारीत तिथे गेलात तर कुडाच्या निम्म्याअधिक घरांची दारे दोरीने बांधलेली दिसतात. कुलूप लावावे असे आत काही नसते. एखादी म्हातारी, दोन कोंबड्या आणि शाळेत जायचे म्हणून मागे ठेवलेली एक मुलगी, एवढीच त्या पाड्याची त्या दिवशीची लोकसंख्या.

मतदारसंघ लोकसंख्येवर उभा असतो, हे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकलो. पण लोकसंख्या कुठल्या वर्षाची आणि कुठल्या महिन्यातली, हा प्रश्न त्या पुस्तकात नसतो. भिवंडी ग्रामीणमध्ये तोच मुख्य प्रश्न आहे. इथे जाणारी माणसे आहेत, येणारी माणसे आहेत आणि ठाण मांडून राहणारी आहेत. जागा राखीव झाली ती प्रामुख्याने जाणाऱ्यांच्या डोक्यांमुळे. गोदामांचा आणि यंत्रमागांचा पैसा येतो तो येणाऱ्यांच्या हातांमुळे. राजकारण मात्र राहणाऱ्यांचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात हे. ते सिद्ध करायचे तर आधी नकाशावरच्या रेघेपासून सुरुवात करावी लागेल.

रेघ

आजचे मतदारसंघ न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवर आखले आणि २००९ पासूनच्या निवडणुका त्यांवर होत आहेत. हिशेब सोपा होता. राज्याची २००१ ची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख, विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका जागेमागे सरासरी ३ लाख ३६ हजार माणसे. तेव्हाच्या अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाख ३२ हजारांच्या घरात. भागाकार केला की २४ येतात, आणि जिल्ह्याला डहाणूपासून बेलापूरपर्यंत, क्रमांक १२८ ते १५१, अशा नेमक्या २४ जागा मिळाल्या.

आरक्षणाचा हिशेबही असाच. २००१ मध्ये राज्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ८.८५ टक्के होते. २८८ ला त्याने गुणले की साडेपंचवीसच्या जरा खाली, म्हणून जागा २५. पण या २५ जागा कुठे ठेवायच्या याचा नियम अनुसूचित जातींच्या नियमापेक्षा वेगळा आहे, आणि बहुतेक चर्चांमध्ये हा फरक सुटतो. २००२ च्या परिसीमन कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अनुसूचित जातींच्या जागा राज्यभर विखरून ठेवायच्या असतात. जमातींच्या जागा मात्र जिथे त्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे तिथेच. म्हणून ठाणे जिल्ह्यात आदिवासी पंधरा टक्क्यांहून कमी असूनही चोवीसपैकी सहा जागा राखीव झाल्या: डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, भिवंडी ग्रामीण आणि शहापूर. राज्यात इतरत्र विरळ विखुरलेल्या आदिवासींच्या वाट्याची जागाही याच डोंगरपट्टीत येऊन बसली.

प्रमाणावर जागा ठरते म्हटल्यावर रेघ कुठून जाते याला फार महत्त्व येते. एकच पाडा एका गावसमूहाबरोबर मोजला तर राखीव जागेत पडतो, दुसऱ्याबरोबर मोजला तर खुल्या. भिवंडी तालुक्याचा खाडीकाठ आगऱ्यांचा, मधला पट्टा कुणब्यांचा, काही गावे कोकणी मुसलमानांची. आदिवासी प्रामुख्याने पूर्वेच्या आणि उत्तरेच्या पाड्यांवर. एवढ्यावर राखीव जागा बसायला कठीण. ती बसली वाडा तालुक्यामुळे. २०११ च्या जनगणनेत वाड्याची लोकसंख्या १ लाख ७८ हजार होती आणि तीत निम्म्याहून जास्त आदिवासी. पूर्वी ‘वाडा’ हा स्वतंत्र राखीव मतदारसंघ होता आणि १९९० पासून तिथून भाजपचे विष्णू सवरा निवडून येत. नव्या आखणीत हा मतदारसंघच गेला आणि तालुक्याचे तीन तुकडे झाले: एक विक्रमगडला, एक शहापूरला, एक भिवंडी ग्रामीणला.

पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि गुंता वाढला. वाडा पालघरात गेला, मतदारसंघाची रेघ मात्र जागची हलली नाही. आता वाड्याच्या या तुकड्यातल्या माणसाचा जिल्हाधिकारी पालघरला, जिल्हा परिषद पालघरची, पण आमदार भिवंडी ग्रामीणचा आणि खासदार भिवंडीचा. आमदाराला निधी मागायला दोन जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांची दारे ठोठवावी लागतात. भिवंडी–वाडा–मनोर रस्त्यावरून पावसाळ्यात एकदा तरी गेलेल्या माणसाला प्रशासनाची ही फाळणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही; दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाच्या कमरेला ती समजते.

सवरा २००९ मध्ये या नव्या मतदारसंघातून निवडून आले. २०१४ ला ते विक्रमगडला गेले, तिथून जिंकून आदिवासी विकास मंत्री झाले. त्यांचे चिरंजीव हेमंत सवरा २०२४ मध्ये पालघरचे खासदार झाले. म्हणजे वाड्याचे जुने आदिवासी नेतृत्व त्या तीन तुकड्यांपैकी विक्रमगडच्या बाजूने, पुढे पालघरकडे सरकले. भिवंडी ग्रामीणची जागा तेव्हापासून भिवंडीच्या बाजूला झुकली ती झुकलीच.

भट्टीचे पंचांग

महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या जमाती तीन: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. पहिल्या दोन विदर्भाच्या; कातकरी कोकणातला, आणि त्यात ठाणे-रायगडचा. या मतदारसंघात वारली, मल्हार कोळी, ठाकूर असे इतर आदिवासीही आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांकडे थोडीफार भातशेती किंवा वनपट्टा असतो. कातकऱ्याकडे बहुधा तेही नसते. ज्या गावठाणाच्या कडेला त्याची वाडी उभी असते ती जागासुद्धा पुष्कळदा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते.

त्याचे वर्ष असे चालते. पावसाळ्यात लावणीची मजुरी, मासे, खेकडे, रानभाजी. आश्विनात हळव्या भाताची कापणी. दिवाळी झाली की वीटभट्टीच्या मालकाचा टेम्पो येतो. खरे तर मालक आधीच येऊन गेलेला असतो, श्रावणात-भाद्रपदात, घरात दाणा नसताना. तेव्हा त्याने ‘उचल’ दिलेली असते. उचल एका माणसाला मिळत नाही, ‘जोडी’ला मिळते, म्हणजे नवराबायकोला. गडी माती कालवतो, विटा पाडतो. बाई पाणी भरते, माती आणते, वाळलेल्या विटा रचते. पोरे विटा पालथ्या करतात. राहायला कच्च्या विटांचीच चार हात उंचीची खोपी, वर पेंढा नाहीतर प्लास्टिक. आठवड्याला ‘खर्ची’ मिळते, तांदूळ-मिरचीपुरती. मोजणी हजार विटांमागे, आणि हिशेब एकदाच, पाऊस तोंडावर आला की. त्या हिशेबात उचल आणि खर्ची वजा होऊन काही उरले तर उरले. अंगावर निघाले तर पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना काढली ती याच परिसरातल्या वेठबिगारांच्या सुटकेच्या लढ्यातून. कायदा झाला, संघटना झाली, अनेक माणसे सुटली. उचलीची पद्धत मात्र नाव न बदलता राहिली आहे.

आता या पंचांगाशेजारी निवडणुकांचे पंचांग ठेवून पाहा. भिवंडी लोकसभेचे मतदान २००९ ला ३० एप्रिल, २०१४ ला २४ एप्रिल, २०१९ ला २९ एप्रिल आणि २०२४ ला २० मे रोजी झाले. चारही वेळा भट्ट्या पेटलेल्या होत्या. विधानसभेचे मतदान २००९ ला १३ ऑक्टोबर, २०१४ ला १५ ऑक्टोबर, २०१९ ला २१ ऑक्टोबर. तिन्ही वेळा कापणीचे दिवस, माणसे घरी. २०२४ ला मात्र विधानसभा लांबली आणि २० नोव्हेंबरला झाली. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होऊन गेले होते. टेम्पो फिरायला लागले होते.

पाड्यावरचा आदिवासी मतदार लोकसभेला कमी आणि विधानसभेला जास्त दिसतो, याचे कारण बऱ्याचदा ‘त्याला आमदार जवळचा वाटतो’ असे सांगितले जाते. असेलही. पण आधी तो त्या दिवशी कुठे होता हे पाहायला हवे. मतदार होता आणि मत द्यायचे नव्हते, यात आणि मतदार साठ किलोमीटरवर विटा पाडत होता, यात फरक आहे. टक्केवारी दोन्ही एकाच रकान्यात टाकते.

कायदा या माणसाच्या बाजूने आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार यादीत नाव येण्यासाठी माणूस त्या भागाचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा लागतो, आणि कलम २० स्पष्ट सांगते की तात्पुरता बाहेर गेला म्हणून कोणाचे हे रहिवासीपण जात नाही. म्हणजे पाच-सहा महिने भट्टीवर असलेला कातकरी पाड्याचाच मतदार. अडचण अंमलबजावणीची. यादीची पडताळणी करणारा बीएलओ, बहुधा गावचा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, पाड्यावर जातो तेव्हा दाराला दोरी असते. शेजारी सांगणार, ‘भट्टीवर गेलेत.’ शिक्षक भला असेल आणि त्या घराला ओळखत असेल, तर नाव राहते. बाहेरून बदली होऊन आला असेल, तर ‘स्थलांतरित’ असा शेरा पडू शकतो. त्या शेऱ्याचा अर्थ कायद्यात वेगळा आणि पाड्यावर वेगळा आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी, हीही कायद्यातली तरतूद आहे. रोजंदारीवाल्यालाही ती लागू आहे. पण हजार विटांमागे पैसे मिळणाऱ्या जोडीला सुट्टी म्हणजे त्या दिवसाच्या विटा शून्य. जायचे तर एसटीचे भाडे आपले, आणि खर्ची घरी ठेवून जायचे. मालकाला कोणी सांगितले असेल तर टेम्पो मिळतो. सांगणारा ज्या पक्षाचा, टेम्पोही त्या पक्षाचा. मताचा कल कुठे ठरला हे शोधायला इथे सभा मोजून उपयोग नाही, टेम्पो मोजावेत.

येणारे

भिवंडीची माणसे मोजताना शहर आणि तालुका यांत गोंधळ होतो. २०११ मध्ये तालुक्याची लोकसंख्या ११ लाख ४१ हजार होती. त्यातली ७ लाख १० हजार भिवंडी-निजामपूर महापालिकेत, म्हणजे मुख्यतः भिवंडी पश्चिम आणि भिवंडी पूर्व या शहरी मतदारसंघांत. उरलेली सुमारे ४ लाख ३२ हजार माणसे कागदोपत्री गावांत राहतात. पण खोणी, काटई, शेलार इथे घरोघर यंत्रमागाचा खडखडाट आहे आणि काल्हेर-राहनाळ-पूर्णा-दापोडे-माणकोली पट्ट्यात भात शोधावे लागते. जनगणनेच्या व्याख्येत पाच हजारांवर वस्ती, तीन चतुर्थांश पुरुष कामकरी शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला चारशेची घनता असली की गाव ‘जनगणना नगर’ ठरते. कारभार मात्र सरपंचाकडेच राहतो. मतदारसंघाच्या नावातले ‘ग्रामीण’ हे कारभाराचे वर्णन आहे, माणसांच्या पोटापाण्याचे नाही.

यंत्रमाग इथे जुने, पण १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड मोठ्या प्रमाणावर भिवंडीत विणले जाऊ लागले. विणणारा उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण-आंध्रातून आला. गोदामांची गोष्ट वेगळी: ती जकातीने आणली. मुंबईच्या हद्दीत माल नेला की जकात, म्हणून माल हद्दीबाहेर, खाडीपलीकडे उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट ऑनलाइन खरेदीच्या कंपन्यांनी ती अधिक मोठी केली. जकात नाही तरी जमीन मुंबईपेक्षा स्वस्त, आणि नाशिक महामार्ग दारात. २००७ मध्ये शहराभोवतालच्या पन्नासहून अधिक गावांचे नियोजन एमएमआरडीएकडे गेले. तोवर कित्येक गोदामे आधी उभी राहून मग परवानगीच्या रांगेत लागली होती.

या गोदामांत माल उतरवणारा, पॅकिंग करणारा, रात्रपाळीला ट्रक लावणारा माणूस जनगणनेत इथे मोजला जातो, मतदार यादीत नाही. तोही कायद्याने इथला सर्वसाधारण रहिवासी होऊ शकतो, कारण तो इथे वर्षाचे अकरा महिने असतो. पण चाळीतल्या खोलीचा मालक भाडेकरार लिहून देत नाही. लिहून दिला तर उद्या हक्क सांगेल ही भीती. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नाव नाही. आणि खुद्द त्यालाही नाव इथे नको असते: गावच्या प्रधानीच्या निवडणुकीत एक मत म्हणजे घरकुल, रेशन, बांधाचा तंटा. त्याचे राजकारण जौनपूरला, पगार माणकोलीला. काल्हेरच्या मनोऱ्यांत राहायला आलेल्या ठाणेकरांचे तिसरेच. त्यांच्याकडे सगळे पुरावे असतात, नाव मात्र कित्येकांचे अजून ठाण्यातच असते, आणि मतदानाच्या दिवशी पूल उलट दिशेने ओलांडावा लागतो. मात्र दर निवडणुकीला त्यांची इथली नोंदणी वाढते आहे, आणि पुढच्या दहा वर्षांत या मतदारसंघाचा चेहरा बदलणार असेल तर तो इथून बदलेल.

गुंठ्याचे राजकारण

राहणारा म्हणजे जमिनीवाला. कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी खाडीकाठच्या आगऱ्याला आणि मधल्या पट्ट्यातल्या कुणब्याला कसत्या जमिनीचा मालक केले. तेव्हा ती खाजण आणि एकपिकी भातजमीन होती; कोणी तिच्याकडे ढुंकून पाहत नव्हते. आता तीच गुंठ्यावर विकली जाते. आमणे इथे ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग येऊन संपतो; वडोदरा महामार्ग, बुलेट ट्रेन आणि तिचा अंजूर-भरोडीचा डेपो, सगळ्यांना जमीन याच तालुक्यातली लागली. मोबदल्याचा दर हा इथे प्रत्येक निवडणुकीतला मुद्दा आहे, आणि नवी मुंबई विमानतळाला भूमिपुत्रांच्या जमिनीसाठी लढलेल्या दि. बा. पाटलांचे नाव हा त्याच भावनेचा दुसरा पदर.

आदिवासीची जमीन या बाजारात नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे ती बिगरआदिवासीला विकायला परवानगी लागते. हे संरक्षण हवेच, नसते तर आजवर एक गुंठाही उरला नसता. पण त्याचा राजकीय परिणाम असा की तालुक्यात मालमत्तेचा जो प्रचंड चढ झाला, त्यातून निवडणुकीला लागणारा पैसा तयार झाला तो सगळा आरक्षणाच्या बाहेरच्या समाजांत.

गोदाम उभे राहिले की त्याभोवती कामे तयार होतात: मातीचा भराव, सुरक्षारक्षक, लोडिंग-अनलोडिंग, भंगार, पाण्याचे टँकर, कामगारांच्या खोल्या. ही कामे ‘स्थानिकाला’ मिळावीत असा अलिखित नियम आहे. स्थानिक कोण, हे ठरवायला ग्रामपंचायत लागते. शिवाय गोदामांची घरपट्टी आणि ना हरकत दाखले तिच्याच हातात. काही ग्रामपंचायतींचे उत्पन्न लहान नगरपालिकेला लाजवील. म्हणून इथे सरपंचपदाच्या निवडणुकीला आमदारकीहून अधिक चुरस असते, आणि ती पक्षाच्या चिन्हावर नसल्याने पक्षापलीकडच्या सोयरिकी, भावकी आणि ठेके यांवर लढवली जाते. या जाळ्याचा वरचा मजला जिल्हा परिषद, बाजार समिती आणि लोकसभा. आमदारकी मधल्या मजल्यावर, आणि तिथल्या दारावर आरक्षणाची पाटी.

तेव्हा प्रश्न असा: बिगरआदिवासी मतदारही मत देतात अशा राखीव जागेवर आदिवासी उमेदवार निवडून येतो कसा? संयुक्त मतदारसंघाचे तत्त्व १९३२ च्या पुणे करारापासून चालत आले आहे: उमेदवार राखीव, मतदार सगळे. भिवंडी ग्रामीणमध्ये याचा अर्थ असा की पक्षाचे तिकीट मिळवणारा आदिवासी असतो आणि त्याला बूथ देणारे बहुतेक आदिवासी नसतात. तो दुबळा असतो असे मी म्हणणार नाही. आश्रमशाळा, वसतिगृहे, आदिवासी उपयोजनेचा निधी, वनहक्काचे दावे यांत त्याचा शब्द चालतो, आणि तहसील कचेरीत कातकऱ्याच्या जातीच्या दाखल्यासाठी फोन करणारा आमदार असणे ही लहान गोष्ट नाही. पण भट्टीमालक, गोदाममालक आणि बूथप्रमुख पुष्कळदा एकाच भावकीतले असतात, तेव्हा उचलीच्या हिशेबावर विधानसभेत प्रश्न विचारण्याची किंमत त्याला ठाऊक असते.

निकालपत्र

२०१४ मध्ये शिवसेना-भाजप युती तुटली, चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले आणि शिवसेनेचे शांताराम मोरे निवडून आले. दुसरा भाजप, अंतर दहा हजारांच्या आत. २०१९ मध्ये युती होती, जागा सेनेला, मोरे सुमारे ४४ हजारांनी विजयी. दुसऱ्या क्रमांकावर मनसेच्या शुभांगी गोवारी. मुंबई-नाशिकच्या पक्षाने आदिवासी राखीव जागेत दुसरे यावे, यात पक्षाच्या विचाराचा प्रसार शोधत बसू नये. काँग्रेस-राष्ट्रवादीची बाजू विस्कटलेली, युतीवर नाराज असलेले बूथवाले मोकळे, आणि त्यांना उतरायला एक घाट मिळाला. शिवसेनेच्या २०२२ च्या फुटीत मोरे एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. २०२४ मध्ये दोन शिवसेना समोरासमोर आल्या, आणि मोरे यांनी १ लाख २७ हजारांवर मते घेत महादेव घाटाळ यांना सुमारे ५८ हजारांनी हरवले. घाटाळ त्याआधी राष्ट्रवादीतून लढलेले. उमेदवार तेच, झेंडे फिरते.

लोकसभेची गोष्ट उलटी. तिथे सहा विधानसभा क्षेत्रांपैकी दोन, भिवंडी ग्रामीण आणि शहापूर, आदिवासींसाठी राखीव असली तरी खासदारकी खुली. २००९ ला काँग्रेसचे सुरेश टावरे, २०१४ आणि २०१९ ला भाजपचे कपिल पाटील. पाटील दिवे-अंजूरचे, पूर्वी राष्ट्रवादीतून ठाणे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, २०२१ मध्ये केंद्रात पंचायती राज खात्याचे राज्यमंत्री. २०२४ मध्ये त्यांना शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा यांनी ६६ हजारांनी हरवले. दोघेही आगरी, दोघेही याच तालुक्यातले. पण त्या निकालातला मोठा आकडा तिसराच होता: विक्रमगडकडच्या झडपोलीचे अपक्ष नीलेश सांबरे यांना २ लाख ३१ हजार मते. ‘जिजाऊ’ या त्यांच्या संस्थेची रुग्णालये, स्पर्धा परीक्षांचे वर्ग आणि वह्यावाटप पाड्यापाड्यांवर पोचले होते. सांबरे कुणबी, त्यांना पडलेली मते कुणब्यांची, आदिवासींची की दोन आगरी नेत्यांना कंटाळलेल्या सगळ्यांची, यावर भिवंडीच्या नाक्यानाक्यावर अजून वाद होतो.

हा वाद सोडवण्याचे एकच साधन म्हणजे फॉर्म २०, बूथवार निकाल. तो कोणालाही मिळतो, आणि पाड्याचा बूथ आणि गोदामपट्ट्यातला बूथ शेजारी ठेवले तर पुष्कळ कळते. फक्त एक पथ्य पाळावे. बूथवर आदिवासी जास्त आणि अपक्षाची मते जास्त म्हणजे आदिवासींनी अपक्षाला मते दिली, असे होत नाही. त्याच बूथवर दहा कुणबी घरे असतील आणि तेवढीच मतदानाला आली असतील, कारण बाकीचे भट्टीवर होते. मे महिन्यातल्या पाड्याच्या फॉर्म २० वर आदिवासींच्या राजकीय मनाविषयी लेख लिहिणारे पाहिले, की मला त्या दोरीने बांधलेल्या दारांची आठवण येते.

पुढची मोजणी

विधानसभेच्या जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेल्या आहेत. २०११ च्या आकड्यांवर आज मांडणी केली तर जुन्या ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला चोवीसऐवजी अठ्ठावीस जागा येतात. मधल्या वर्षांत ठाणे, कल्याण, वसई आणि हा गोदामपट्टा कितीतरी वाढला आहे. राज्यातल्या जमातींचे प्रमाण २०११ मध्ये ९.३५ टक्के झाले, त्यामुळे राखीव जागा पंचवीसच्या सत्तावीस होऊ शकतात. पण त्या जागा प्रमाणाच्या क्रमाने लागतात. ठाणे जिल्ह्यात आदिवासींची संख्या दशकात सुमारे १२ लाखांवरून साडेपंधरा लाखांवर गेली आणि तरी त्यांचा टक्का घसरला, कारण बाकीचे त्यांच्याहून वेगाने वाढले. भिवंडी ग्रामीणमध्ये हा घसरा काल्हेरच्या बाजूने येतो. काल्हेरचा प्रत्येक नवा मनोरा वाड्याच्या पाड्याचा टक्का खाली ओढतो.

आणि मोजणी होणार कधी? नव्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा आहे, म्हणजे प्रगणक फिरणार फेब्रुवारीत. २००१ आणि २०११ लाही ९ ते २८ फेब्रुवारी हेच दिवस होते. या दिवसांत माणूस जिथे मुक्कामाला असेल तिथे त्याची नोंद होते. मतदार यादीतला ‘सर्वसाधारण रहिवासी’ हा नियम जनगणनेला लागू नाही. म्हणून भिवंडी तालुक्याच्या भट्ट्यांवर आलेली मोखाडा-जव्हार-विक्रमगडची जोडपी इथल्या आदिवासी टक्क्यात धरली जातात, त्यांची मते मात्र विक्रमगडच्या यादीत. आणि इथल्या पाड्यांवरून कल्याण, पनवेल, उरणच्या भट्ट्यांवर गेलेली जोडपी तिकडे मोजली जातात, त्यांची मते इथे. आजच्या आखणीतली राखीव जागाही अशाच एका फेब्रुवारीच्या बेरजेवर ठरली होती. २०२७ च्या फेब्रुवारीत प्रगणक कच्च्या विटांच्या खोपीसमोर उभा राहील, मोबाइलवरचे अॅप उघडेल आणि आत किती माणसे राहतात असे विचारील. उत्तर बहुधा भट्टीचा मालक देईल. त्याच्या वहीत जोड्या मोजलेल्या असतात, पोरे नाहीत.